चार अधिक चार : मुसळ्या सुळक्याकडे परत

यंदाच्या जानेवारीत मी तीन दिवसांचा एक प्रवास केला. नाशिकहून चांदवड, तिथून लासलगाव आणि तिथून नांदगाव. नकाशावर हे अंतर वीतभर दिसतं. सकाळी निघालेला माणूस फिरून संध्याकाळच्या चहाला घरी येईल. मला त्याला बारा वर्षं लागली.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. वय एकोणसत्तर. डावा पाय पंचाण्णव सालापासून अधू. तो कसा अधू झाला याची नोंद आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या मोहीम-वहीत माझ्याच अक्षरात आहे : ‘मुसळ्या सुळक्यावरून रॅपलिंग करताना दामोदरने बांधलेली गाठ सुटली, त्यामुळे अपघात.’ दामोदर म्हणजे आमचा दामू, मंडळातला माझा सोबती. हे वाक्य खोटं आहे. गाठ सुटली नव्हती. दोरी तुटली होती, आणि ती दोरी मी निवडली होती.

हे वाक्य बारा वर्षं वहीत निवांत पडून होतं. यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली, स्मरणिका निघायची ठरली आणि जुनी वही जशीच्या तशी छापायचं घाटू लागलं. त्या कामासाठी मानसी माझ्याकडे आली. मानसी अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि मंडळात नव्या मुलामुलींना दोरकाम शिकवते. जुने फोटो शोधताना तिने कपाटातला चहाचा पत्र्याचा डबा उघडला. आत चार मिलीमीटर जाडीच्या, एके काळी लाल असलेल्या दोरीचं वेटोळं होतं.

“सर, ही कुठली कॉर्ड?”

“मुसळ्यावरची.”

तिने ती बोटांत फिरवली. मधोमध फास पुरा करणारी डबल फिशरमनची गाठ होती, दगडासारखी बसलेली. दोन्ही टोकं मात्र पिंजून तुटलेली.

“पण वहीत तर गाठ सुटली असं आहे,” ती म्हणाली. “सर, ही गाठ तर अजून बांधलेली आहे.”

मी तिला चहा घे म्हणालो. तिने घेतला नाही. मग मी सगळं सांगितलं. माझ्या बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

मानसी रागावेल, असं मला वाटलं होतं. तिने वेगळंच विचारलं. “स्मरणिका पुढच्या आठवड्यात छापायला जाते. त्याआधी दामूकाकांना कोण सांगणार, तुम्ही की मी?” आणि लगेच पुढे, “नुसतं ‘चूक माझी’ म्हणून भागणार नाही हं सर. लोक म्हणतील, म्हातारपणी सर मोठ्या मनाने दुसऱ्याचं अंगावर घेतायत. दोरी का तुटली, ते मोजून दाखवावं लागेल.”

मोजून दाखवायचं! पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून बूट उतरवले. त्यांचे सोल निघून आले होते. कॉलेज रोडवरच्या चांभाराने ते शिवताना विचारलं, “कुठं निघालात आजोबा, लग्नाला?” मी म्हटलं, “मोहिमेला.” त्याने एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आणखी चार टाके घातले.

पहिला दिवस : चांदवड

एसटीने चांदवड गाठेपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की मी सबंध वेळ खिडकीला नाक लावून होतो. सातमाळ्याची डोंगररांग दिसायला लागली आणि माझं मन पाचवीतल्या पोरासारखं उड्या मारू लागलं. नाशिकच्या पश्चिमेचे, त्र्यंबककडचे डोंगर हिरवे, दाट आणि ओले. इकडचे डोंगर कोरडे, सपाट माथ्याचे, ओळीने मांडलेल्या पाटांसारखे. मधल्या एका खिंडीत आमचा मुसळ्या उभा आहे : उखळात मुसळ उभं करून ठेवावं तसा कातळाचा एकटा खांब. नकाशात त्याला नाव नाही. पायथ्याच्या वाडीने ठेवलेलं हे नाव.

चांदवडच्या स्टँडबाहेर भजी खाल्ली आणि काळी-पिवळी जीप पकडली. ड्रायव्हरसकट सोळा माणसं आणि एक शेळी. शेळीने मानसीच्या पाठपिशवीतून बाहेर आलेलं दोरीचं टोक चघळायला घेतलं.

“ओ मावशी, शेळी आवरा! शंभर माणसांचा भरवसा आहे त्या दोरीवर,” मानसी ओरडली.

“मंग चांगली असंल,” शेळीची मालकीण म्हणाली. “वाईट दोरीला ती तोंड लावीत नाय.”

वाडीत आम्ही तुळसाबाईंच्या अंगणात उतरलो. पंचाण्णव सालीही त्यांच्याच अंगणात मुक्काम होता. बाई आता वाकल्यात, पण नजर तीच. माझा पाय बघून म्हणाल्या, “मास्तर, तुमीच नव्हं का ते पडलेले? दाम्यानं पाडलेले?”

मी हो-नाही काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात गोठ्यातून गाय सुटून कांद्याच्या रोपांत शिरली. तुळसाबाई सुनेवर ओरडल्या, “अगं, दाम्याची गाठ मारली व्हतीस का दाव्याला?”

मानसीने माझ्याकडे पाहिलं. सून हसतहसत सांगू लागली. इथं सैल गाठीला असंच म्हणतात. वाडीत नव्याने आलेल्या सुनांना दामू कोण हे ठाऊकही नाही, पण गाय सुटली की त्याचं नाव निघतं. ताटात गरम बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा होता. 

दुपारी आम्ही खिंडीत चढलो. मी काठी टेकत, दर पन्नास पावलांना थांबत, पण चढलो! मुसळ्या समोर आला तेव्हा मी त्याला चक्क हात जोडले. मग मानसी कमरेला दोर बांधून वर निघाली. खालून तिचा दोर सांभाळायला तिने चांदवडहून मुद्दाम बोलावलेल्या एका शिक्षिका मैत्रिणीला उभं केलं होतं. माझ्या हातात फक्त दुर्बीण.

त्या दिवशी काय झालं होतं ते इथेच सांगतो.

माथ्यावर कातळात ठोकलेल्या दोन लोखंडी मेखा आहेत. उतरताना त्या दोन मेखांभोवती जाड दोरीचा एक फास बांधायचा, त्यातून मोठा दोर ओवायचा आणि त्या दोरावरून खाली यायचं. हा फास म्हणजेच अँकर. माणसाचा सगळा भार त्यावर. त्यासाठी आठ मिलीमीटरची कॉर्ड हवी, हे आमचं ठरलेलं होतं. मी मुंबईला गेलो तेव्हा आठचं रीळ संपलं होतं. मी चारची घेऊन आलो. वर माथ्यावर दामूने ती हातात घेतली आणि म्हणाला, “सर, ही बारीक हाय.”

मी म्हणालो, “दोन फेरे मार. चार आणि चार आठ.”

भौतिकशास्त्राचा शिक्षक! खाली वाडीतली पन्नास माणसं बघायला जमली होती, मला थांबायचं नव्हतं. दामूने दोन फेरे मारले, गाठ मारली, ओढून पाहिली. मी आधी निघालो. आणि लोक बघतायत म्हणून पायांनी कातळाला रेटा देत उड्या मारत निघालो. तिसऱ्या उडीला वरून पिस्तुलासारखा आवाज आला.

मी माथ्यापासून पंधरा फूट खाली, कातळातल्या एका ओट्यावर आदळलो. दोर आणि तुटलेली कॉर्ड माझ्या अंगावर येऊन पडली. मी पहिलं काम काय केलं? पाय पाहिला नाही. कॉर्ड पाहिली. गाठ शाबूत होती. मी ती खिशात घातली.

दामू माथ्यावर एकटा, दोराशिवाय. तो तसाच, हाताच्या बोटांवर, पंधरा फूट उतरून माझ्यापाशी आला. त्याचा पहिला प्रश्न, “सर, काय झालं?” आणि मी म्हणालो, “गाठ सुटली, दामू.”

तो रडायला लागला. रडतरडत त्याने मला दोराने खाली सोडलं आणि खिंडीपासून वाडीपर्यंत पाठीवर आणलं. दर थोड्या वेळाने म्हणायचा, “सर, माफ करा.” मी म्हणायचो, “असू दे, होतं असं.” त्याला मी मोठ्या मनाने माफ करत होतो.

“सर!” वरून मानसीची हाक आली. “मेखा आहेत! दोन्ही! अंतर घेतेय!”

तिने वरूनच आकडा ओरडून सांगितला : सव्वा मीटरला थोडं कमी. मी डब्यातल्या कॉर्डची लांबी घरीच मोजून आणली होती. खडकावर बसून मी कागदावर त्रिकोण काढला. दोन मेखांकडे जाणाऱ्या दोरीच्या दोन बाजूंमधला कोन निघाला दीडशे अंशांच्या आसपास. 

दोन बायका एक भरलेली बादली दोन्हीकडून धरून नेतात, ते आठवा. जवळजवळ चालल्या तर प्रत्येकीच्या हाताला निम्मं वजन. पण त्या एकमेकींपासून लांब सरकत गेल्या, हात आडवे होत गेले, की बादली तेवढीच असूनही दोघींचेही हात तुटायला येतात. कोन एकशेवीस अंश झाला की प्रत्येकीला पूर्ण बादलीएवढा ताण. दीडशे झाला की जवळजवळ दोन बादल्यांएवढा, प्रत्येकीला! हा धडा मी दरवर्षी ऑगस्टमध्ये शिकवत असे. माथ्यावर मला तो आठवला नाही.

संध्याकाळी अंगणात परत आल्यावर मी तुळसाबाईंना म्हणालो, “बाई, दामूची गाठ सुटली नव्हती. माझी दोरी बारीक होती. मी खोटं सांगितलं.” आणि डबा उघडून गाठ दाखवली.

बाईंनी ती कंदिलापाशी नेऊन नखाने चाचपली.  मग सुनेला म्हणाल्या, “बघ गं. बिचाऱ्याचं नाव आपुन गाईच्या शेनात लोळवलं.” आणि मला म्हणाल्या, “मास्तर, आता दावं तुटलं की ‘मास्तरची दोरी’ म्हनंल वाडी. चालंल ना?”

“चालेल,” मी म्हणालो. खरंच चालण्यासारखं होतं.

दुसरा दिवस : लासलगाव

जानेवारीतलं लासलगाव ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. लाल कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गावाबाहेरपर्यंत. लिलावाचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतोय, मध्ये ओरडणारा माणूस, हवेत कांद्याचा असा वास की डोळे आणि भूक दोन्ही एकदम जागे होतात. आमच्या नाशकात भाजीबाजारात गिऱ्हाईक कांदा दाबून बघतं, इथे व्यापारी मूठभर उचलून नुसता खाली सोडतात आणि आवाजावरून भाव बोलतात.

मानसीने ही जागा निवडली होती ती एका गॅरेजसाठी. तिच्या मामेभावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज मार्केटला लागूनच आहे. इंजिन उचलायला तिथे लोखंडी चौकट आणि चेन कप्पी आहे, आणि शेजारी भरलेल्या कांद्याच्या गोण्यांची थप्पी. प्रत्येक गोणी पन्नास किलोची, काट्यावर तोललेली. याहून चांगली प्रयोगशाळा मला शाळेतही मिळाली नव्हती.

मानसीने पेढ्याच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने लिहून दाखवलं. अशा दोरीवर किंवा तिच्या रिळावर ताकदीचा आकडा किलोन्यूटनमध्ये असतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं वजन, म्हणजे आपल्या दोन गोण्या. युरोपच्या प्रमाणात बसणाऱ्या कॉर्डने किमान किती ताकद दाखवली पाहिजे, त्याचं गणित एका ओळीचं आहे. मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, पाचाने भागा.

मी ते ऐकलं आणि जागेवर उठून उभा राहिलो. वर्ग! अर्थातच वर्ग! ताकद जाडीवर नसते, कापलेल्या दोरीच्या तोंडावर किती धागे दिसतात त्यावर असते. आठ मिलीमीटरचे : चौसष्ट भागिले पाच, बारा पूर्णांक आठ. चार मिलीमीटरचे : सोळा भागिले पाच, तीन पूर्णांक दोन. निम्मी जाडी, पण ताकद पाव! दोन फेरे मारून सहा पूर्णांक चारच होतात. आठच्या एका फेऱ्याची बरोबरी करायला चारचे चार फेरे लागले असते. म्हणजे ‘चार आणि चार आठ’ हे मी त्या दिवशी माथ्यावर केलेलं गणित पहिल्या पायरीलाच चुकलं होतं.

“आणि हा आकडा,” मानसी म्हणाली, “नव्या, सरळ, गाठ नसलेल्या दोरीचा. गाठ मारली की तिसरा हिस्सा गेला असं धरून चालायचं. ऊन, घासणं, मेखेची धार, ते वेगळं.”

आमच्याभोवती एव्हाना हमाल जमले होते. त्यातला रंगनाथ नावाचा पैलवानी गडी म्हणाला, “ही नाडी? लेंग्याची? गुरुजी, ही एक गोणी नाय धरायची.”

“चार धरेल,” मी म्हणालो.

“लागली का मंग? सगळ्यांस्नी भेळभत्ता!”

पहिला प्रयोग : चारची नवी कॉर्ड, एकेरी, दोन्हीकडे गाठी. खाली हूक, हुकाला गोण्या. कप्पीने हळूहळू उचलायचं. मानसीने सगळ्यांना दहा पावलं मागे हटवलं. एक गोणी. दोन. तीन. दोरी सतारीच्या तारेसारखी ताठ. चार. रंगनाथ डोक्यावरची टोपी काढून उभा. पाचवी लावली, कप्पीची साखळी दोनदा खडखडली आणि फाट! पाच गोण्या खाली, दोन फुटल्या आणि कांदे गॅरेजभर. ट्रॅक्टरखाली, पान्यांच्या पेटीत, गटाराकडे. आम्ही सगळे, मीसुद्धा, ओणवे होऊन कांदे गोळा करत होतो आणि खिदळत होतो.

तुटली होती गाठीच्या अगदी तोंडाशी. गाठ शाबूत.

“पुन्ना करा!” रंगनाथ म्हणाला.

दुसरा प्रयोग माझा. चौकटीला सव्वा मीटरवर दोन हूक लावले. दामूने घातले होते तसेच दोन फेरे, तीच लांबी, तशीच गाठ. मधोमध गोण्या. दोरी जवळजवळ आडवी, दोन खांबांमध्ये बांधलेल्या वाळवणाच्या दोरीसारखी. “ही तर दुहेरी हाय,” हमाल म्हणाले, “ही आठ-नऊ खाईल.” तेच माझं गणित होतं, बारा वर्षांपूर्वीचं.

एक. दोन. तीन. चौथी लावताना रंगनाथच्या हातून ती चार बोटांएवढी खाली निसटली, एवढासाच हिसका बसला.

फाट.

या वेळी कोणी हसलं नाही. मीच खाली बसलो. दुहेरी दोरी एकेरीपेक्षा लवकर गेली होती. मधल्या रुंद कोनाने दुसरा फेरा गिळून टाकला होता. आणि आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसली, जी कागदावर दिसली नसती. फेरे दोन असले तरी दोरी एकच. एका जागी तुटली आणि दोन्ही फेरे हुकांवरून सुळकन उलगडून खाली आले. जमिनीवर पडली होती एक लांब दोरी, दोन पिंजलेली टोकं, मध्ये घट्ट गाठ. मी डब्यातली काढून शेजारी ठेवली. नवी आणि जुनी. रंग सोडला तर ओळखू आल्या नसत्या.

“म्हंजे ज्यानं गाठ मारली त्याची काय चूक?” रंगनाथने विचारलं.

“काहीच नाही,” मी म्हणालो.

“मंग त्याला कळवलं का?”

“उद्या.”

“उद्या?” त्याने माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, तुमचं लय सावकाश हाय.”

शेवटी आठची कॉर्ड लावली, एकेरीच. दहा गोण्या झाल्या तरी ती ढिम्म होती. चौकट कुरकुरायला लागली तेव्हा मानसीच्या मामेभावाने हात जोडले, “ताई, दोरी नाय तुटायची, माझं गॅरेज तुटंल.” भेळभत्ता मीच दिला. पैज मी जिंकली होती खरी, पण दोन गोण्या फोडल्यावर जिंकलेल्याने खाणं शोभलं नसतं. ओल्या मिरचीचा, कच्च्या लाल कांद्याचा तो भेळभत्ता मी उभ्याने खाल्ला आणि दिवसभरात पहिल्यांदा लक्षात आलं की पाय दुखायचा राहिलाय.

तिसरा दिवस : नांदगाव

लासलगावहून पॅसेंजरने मनमाडमार्गे नांदगाव.  मनमाडला गाडी बराच वेळ थांबली. मी मानसीला म्हणालो, “पत्र लिहिलं तर? सविस्तर. आकृत्यांसकट.”

“सर, उतरायचं असेल तर इथून नाशिकला गाडी आहे,” ती म्हणाली. “मी एकटी जाईन पुढे.”

मी उतरलो नाही.

दामूचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे. ताडपत्र्या शिवणं, ट्रकवरचा माल झाकून बांधून देणं. पत्ता विचारला तर पानवाला म्हणाला, “दामूशेठ ताडपत्रीवाले? ते काय पुढं. पण बाबा, त्यांच्याकडून बांधून घेणार आसाल तर सुरी सोबत ठेवा. त्यांची गाठ सुटत नाही, कापावी लागते. तीन-तीन गाठी मारतात एकीवर एक. सारं नांदगाव हसतं.”

आम्ही पुढे निघालो. 

दामू मशीनवर वाकून शिवत होता. केस पांढरे झालेत, खांदे तसेच रुंद. मला पाहून उठला आणि वाकून माझ्या पायाला, त्या डाव्या पायाला, हात लावला.

“सर. तुमी कशाला आले एवढ्या लांब? पाय कसा हाय?”

बारा वर्षांत तो एकदाही नाशिकला आला नव्हता. मी ते माझ्या सोयीने समजत होतो की तो विसरला.

दुकानामागेच घर. त्याच्या बायकोने, कमलताईंनी, जेवल्याशिवाय काही बोलू दिलं नाही. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. नाशकात आमच्याकडे भरितात दही घालतात. इकडे कोणी दही घातलं तर पाहुण्याचा अपमान समजतील. मी जेवलो. न जेवता सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचं अन्न खाऊन ते सांगणं फार जड गेलं.

ताटं उचलल्यावर मी डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. “दामू, उघड.”

त्याने उघडला. कॉर्ड पाहिली. तुटकी टोकं त्याला दिसलीच नाहीत. त्याचा अंगठा सरळ गाठीवर गेला. ती त्याने उलटसुलट फिरवली. शेपटं किती सोडली आहेत ते बोटाने मोजलं.

“ही माझी हाय,” तो म्हणाला. “मुसळ्यावरची.”

“हो.”

“सुटली नाय ही.”

“नाही. कधीच सुटली नव्हती. दोरी तुटली. मी ती ओट्यावर खिशात घातली आणि तुला खोटं सांगितलं. मग वहीत लिहिलं.”

दामूने आता कॉर्डची तुटकी टोकं पाहिली. 

“मंग मी तुमास्नी पाडलं नव्हतं?”

“नाही, दामू.”

“मी बोललो व्हतो, बारीक हाय.”

“बोलला होतास. मी म्हणालो, चार आणि चार आठ.”

तो उठला. मला वाटलं बाहेर निघून जाईल. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. “आबा, माझे वडील, गेले तवा,” तो म्हणाला, “शेवटच्या दिसांत मला म्हनत व्हते, दामू, मास्तरच्या पायाचं बघ रे, आपल्या हातून झालंय. आबांना मी आता कुठं सांगू?”

 मी म्हणालो, “मला माफ कर असं म्हणायला आलो नाही. ते तू डोंगर उतरताना शंभरदा म्हणाला होतास, मी एकदाही थांबवलं नाही. मी फक्त सांगायला आलोय.”

“मला नका सांगू,” दामू म्हणाला. “हिला सांगा. मोठ्यानं सांगा. भाईर सांगा.”

कमलताई दारातच होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, तरी त्यांनी मला ते पहिल्यापासून सांगू दिलं. मग म्हणाल्या, “लग्नाला धा वर्सं झाली, तवापासून बघते, हे रात्री उठून दाराची कडी चार-चारदा ओढून बघतात. मला वाटे, सोभावच शे. हे सांगाले तुमाला बारा वर्सं लागली, भाऊ?”

“लागली, वहिनी.”

त्या आत निघून गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आम्ही दुकानासमोर रस्त्यावर आलो. मी पानवाल्याला, शेजारच्या सायकलवाल्याला, ट्रकमध्ये मक्याची पोती भरून थांबलेल्या ड्रायव्हरला बोलावलं. मानसीने कालची कॉर्ड धरली, दामूने बारा वर्षांपूर्वीची. मी पस्तीस वर्षांत जेवढ्या मोठ्याने वर्ग शिकवला नसेल तेवढ्या मोठ्याने सांगितलं. जाडीचा वर्ग, गाठीचा तिसरा हिस्सा, आडवा कोन, कांद्याच्या गोण्या आणि शेवटी माझं खोटं. सायकलवाल्याने विचारलं, “म्हंजे आपला दामूशेठ पयल्यापासून पास, आन् मास्तरच नापास?”

“मास्तर नापास,” मी म्हणालो.

लोक हसले. दामू हसला नाही. तो ऐकत होता, पुन्हा पुन्हा गाठीवरून अंगठा फिरवत. मग त्याने मध्येच मला विचारलं, “पन सर, त्या मेखा जवळ-जवळ असत्या तर?”

“तर कोन लहान झाला असता. बहुतेक टिकली असती.”

“न् प्रत्येक मेखेला येगळा फास बांधला असता तर? एक तुटला तरी दुसरा ऱ्हाईल.”

मानसी ताडकन म्हणाली, “काका, आम्ही आता तसंच शिकवतो!”

तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पंचाण्णव साली तो आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू होता, हे मी या लेखात अजून लिहिलं नव्हतं. आता लिहितो.

ट्रक ड्रायव्हर घाई करू लागला. त्याची ताडपत्री बांधायची राहिली होती. दामू ट्रकच्या कडेला गेला, दोर ओढून ताणला आणि गाठ मारली. सवयीने दुसरी मारायला त्याने टोक उचललं. पानवाला माझ्या कानात म्हणाला, “आता बघा, तीन मारतील.”

दामूने टोक हातात धरलं. मारलेल्या गाठीकडे पाहिलं, अंगठ्याने ती एकदा दाबली आणि टोक सोडून दिलं.

“झालं?” ड्रायव्हरने विचारलं. “एकच?”

“एकच,” दामू म्हणाला. “जा धुळ्यापत्तर.”

डबा त्याने मला परत दिला. कॉर्ड दिली नाही.